पाने, फुले, बोंडे, बिया, काड्या: हेम्पच्या तेलाकडे आपला कायदा कसा बघतो

'हिरवट रंगाची पाने, फुले, बोंडे, बिया व काड्या असलेला, उग्र वासाचा ओलसर गांजा.' गांजा पकडल्याची बातमी मराठी वर्तमानपत्रात कधी वाचली असेल, तर ही शब्दरचना तुमच्या ओळखीची आहे. पंचनाम्याची ती ठरलेली भाषा. ऐकताना एकाच ढिगाचं वर्णन वाटतं. कायद्याच्या लेखी मात्र त्या ढिगात चार-पाच वेगवेगळ्या वस्तू आहेत. बोंडांसाठी तुरुंग आहे. नुसत्या पानांसाठी केंद्राच्या अंमली पदार्थ कायद्यात शिक्षा नाही. बी खाद्यपदार्थ म्हणून विकता येतं. आणि काडीचा वाख काढून त्याचं कापड विणता येतं.

हे आत्ता लिहायला एक डबा कारण झाला. शेजारच्या मावशींचा मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा त्याने आईच्या गुडघेदुखीसाठी आणि झोपेसाठी गमीचा, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्यांचा, डबा आणला. मावशींनी तो माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "हे घरात ठेवलं तर चालतं ना रे? तो म्हणतो, तिकडे कायदेशीर आहे, हेम्पचं आहे, गांजाचं नाही." हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. कुणाकडे मोबाइलवरून मागवलेली 'विजया' (याच झाडाचं आयुर्वेदातलं नाव) तेलाची बाटली असते, कुणाला नातेवाइकाच्या कॅन्सरच्या दुखण्यासाठी सीबीडी (याच झाडातलं, नशा न आणणारं रसायन) तेल हवं असतं. विचारणारी माणसं नशा करणारी नसतात, दुखण्याने कंटाळलेली असतात. म्हणून या प्रश्नाला उडवून लावणारं उत्तर देऊ नये, आणि 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' असं बेफिकीर उत्तर तर मुळीच देऊ नये.

हेम्प म्हणजे नक्की कोण?

मराठीत हेम्पला चपखल शब्द नाही, आणि जे शब्द जवळ जातात ते फसवतात. आपले शेतकरी हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा बोरू पेरतात, त्याला इंग्रजीत 'सन हेम्प' म्हणतात. अंबाडीला 'डेक्कन हेम्प' म्हणतात. या दोन्हींचा गांजाशी काही संबंध नाही, त्या वेगळ्या कुळातल्या वनस्पती आहेत. नुसतं 'हेम्प' म्हणजे मात्र गांजाचीच वनस्पती, कॅनाबिस. तेच झाड, पण ज्या वाणांत नशा आणणारं रसायन फार कमी असतं, ते वाण.

ते रसायन म्हणजे टीएचसी. या झाडात कॅनाबिनॉइड म्हणवणारी शंभराहून अधिक रसायनं असतात, त्यांतली दोन आपल्या कामाची. टीएचसीने नशा येते. सीबीडीने येत नाही. सीबीडीचा औषध म्हणून सर्वात भक्कम पुरावा लहान मुलांतल्या काही दुर्धर अपस्माराच्या प्रकारांत आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये एपिडिओलेक्स हे शुद्ध सीबीडीचं औषध त्यासाठीच मंजूर केलं. गुडघेदुखी, चिंता, निद्रानाश यांबद्दल जाहिराती जितक्या खात्रीने बोलतात, तितकी खात्री विज्ञानाकडे नाही.

हेम्प आणि गांजा यांच्यामध्ये जी रेघ मारतात ती ०.३ टक्के टीएचसीची. ही संख्या जगभर इतक्यांदा छापली गेली आहे की ती निसर्गातूनच आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती अर्नेस्ट स्मॉल या कॅनडातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आर्थर क्रॉन्क्विस्ट यांच्यासोबत १९७६ साली वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवली होती. झाडांचे दोन गट पाडायचे तर कुठेतरी रेघ हवी, एवढाच हेतू. पुढे तीच रेघ अनेक देशांच्या कायद्यांत जाऊन बसली.

भारताच्या मूळ कायद्यात मात्र ती नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. 'यात टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी आहे, म्हणून हे भारतात कायदेशीर आहे,' हे वाक्य विक्रीच्या पानांवर सर्रास दिसतं. ते आपल्या कायद्यातून आलेलं नाही. आपला कायदा टक्का विचारण्याआधी विचारतो: हे झाडाच्या कुठल्या भागातून काढलं?

१९८५ चा कायदा आणि त्याची व्याख्या

ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो तो गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ सालचा. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम २ मध्ये कॅनाबिसची व्याख्या आहे. सगळी गुंतागुंत त्या आठ-दहा ओळींत असल्यामुळे तिथे जरा थांबू.

कायदा आधी 'कॅनाबिसचं झाड' म्हणजे काय ते सांगतो: कॅनाबिस या प्रजातीचं कोणतंही झाड. मग वेगळं सांगतो की गुंगीकारक द्रव्य म्हणून 'कॅनाबिस' म्हणजे काय. त्यात तीन गोष्टी येतात. पहिली चरस, म्हणजे झाडाचा वेगळा काढलेला चीक, कच्चा असो वा शुद्ध केलेला. त्याचं घट्ट केलेलं तेलही यातच येतं, ज्याला हशीश ऑइल म्हणतात. दुसरी गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे, पंचनाम्यातली बोंडे. इथे कंसात एक अपवाद आहे: शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने यांतून वगळलेली आहेत. तिसरी, वरच्या दोन्हींपैकी कशाचंही मिश्रण किंवा त्यापासून केलेलं पेय.

त्या कंसातल्या अपवादामुळे नुसती पाने गांजा ठरत नाहीत. भांग ही पानांची केलेली असते, म्हणून काशीत, जैसलमेरमध्ये सरकारमान्य भांगेची दुकानं उघडपणे चालतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भांगेच्या एका प्रकरणात जामीन देताना हाच मुद्दा धरला. आणि मुंबई उच्च न्यायालयातल्या जामीन अर्जांत वकील पुन्हा पुन्हा हेच विचारतात: जप्त केलेल्या मालात पाने किती, काड्या किती आणि बोंडे किती, हे वेगळं करून वजन केलं का? सगळा ढीग एकत्र तोलला असेल तर त्यातला कायद्याने गांजा ठरणारा भाग नेमका किती, हे सांगता येत नाही. सुरुवातीला दिलेल्या पंचनाम्यातल्या त्या शब्दांवर कधीकधी माणसाची वर्षं अवलंबून असतात, ती यामुळे.

हा अपवाद आला कुठून? इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये हिंदुस्थानातल्या भांग-गांजाची चौकशी करायला एक आयोग नेमला होता. त्याने १,१९३ साक्षीदार तपासले, आणि बंदी न घालता कर आणि परवान्यांनी नियंत्रण ठेवावं, असं सुचवलं. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात कॅनाबिसवर नियंत्रण आलं तेव्हा भारतासारख्या देशांच्या आग्रहामुळे व्याख्येतून पाने बाहेर राहिली. आपल्या १९८५ च्या कायद्याने ती व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी उचलली. औषधाव्यतिरिक्तचा वापर थांबवायला त्या कराराने २५ वर्षांची मुदत दिली होती. ती १९८९ मध्ये संपत होती, आणि तिच्या आतच आपण कायदा केला. म्हणजे होळीला थंडाईत पडणारी पानं एका जागतिक करारातल्या कंसामुळे कायद्याच्या हातून सुटली आहेत.

मग सीबीडी तेलाचं काय?

सीबीडी हे नाव कायद्यात कुठेच नाही. मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांची जी यादी या कायद्याला जोडलेली आहे, तिच्यातही नाही. याचा अर्थ काही जण लावतात की सीबीडी मोकळं आहे. ते अर्धंच खरं आहे.

व्याख्यांच्या त्याच कलमात आणखी एक ओळ आहे, जी विक्रेते कधी सांगत नाहीत. कॅनाबिसचा कोणताही अर्क किंवा टिंक्चर याला कायदा 'औषधी कॅनाबिस' म्हणतो, आणि औषधी कॅनाबिसला 'उत्पादित द्रव्यां'च्या गटात टाकतो. त्या गटासाठी कलम २१ मध्ये वेगळी शिक्षा आहे. आता वरची व्याख्या आठवा: कॅनाबिस म्हणजे चीक किंवा बोंडे. तेव्हा बोंडांतून काढलेला अर्क, मग त्यात निव्वळ सीबीडी असो आणि टीएचसी नावालाही नसो, या कलमाच्या तोंडी सापडतो. पानांतून काढलेला अर्क तसा सापडत नाही, कारण पान हे कायद्याच्या अर्थाने 'कॅनाबिस'च नाही.

अडचण अशी, की सीबीडी भरपूर असतं ते बोंडांत. पानांत ते कमी असतं. परदेशी सीबीडी उद्योग उभा आहे तो फुलांवर. भारतात परवान्याने विकली जाणारी तेलं म्हणूनच 'पानांचा अर्क' असं मोठ्या अक्षरांत लिहितात, आणि ते लिहिणं ही जाहिरात नसून त्यांच्या कायदेशीरपणाचा पाया असतो. बाटलीवर तसं लिहिलेलं नसेल आणि अर्क कशाचा आहे तेच कळत नसेल, तर ती बाटली खाली ठेवावी, असं मी स्पष्ट सांगतो.

टीएचसीबद्दल आणखी एक सांधा नीट बसत नाही. कायद्याच्या यादीत टीएचसी नावानिशी आहे. पानांतही टीएचसी असतंच, म्हणून तर भांग चढते. मग पानांच्या अर्कात ते आलं तर तो पानांचा पदार्थ समजायचा की यादीतला मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ? प्रत्यक्ष व्यवहारात परवानाधारक आयुर्वेदिक तेलं विकली जात आहेत. पण कायद्याच्या शब्दांत या प्रश्नाचं सरळ उत्तर लिहिलेलं नाही. माझ्या मते संसदेने ते लिहायला हवं. सीबीडी, टीएचसी, पानांचा अर्क, फुलांचा अर्क यांची नावं घेऊन, मर्यादा सांगून. दुखण्याने बेजार माणसाला एका कंसाचा अर्थ लावत बसावं लागणं, हे मला योग्य वाटत नाही.

त्याच यादीबद्दलची ही गोष्ट परदेशातून काही आणणाऱ्यांनी नीट वाचावी. टीएचसी हा एकच रेणू नाही, त्याची थोड्याफार फरकाची भावंडं आहेत. आपली यादी त्यांची नावं घेते: डेल्टा-९ तर आहेच, पण डेल्टा-८ आणि डेल्टा-१० सुद्धा. अमेरिकेत पेट्रोल पंपावरच्या दुकानातही मिळणाऱ्या 'डेल्टा-८' गमीत जो पदार्थ आहे, तो भारतात नाव घेऊन नियंत्रित केलेला आहे. तिथे पान की बोंड हा प्रश्नच येत नाही.

किती वजन, किती शिक्षा

या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. गांजासाठी एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' आणि वीस किलोंपासून 'व्यापारी प्रमाण'. चरसासाठी शंभर ग्रॅम आणि एक किलो. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षं, आणि जामीन मिळणं फार कठीण. मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत.

आता मावशींच्या डब्याचा हिशेब करून पाहू. साठ गमी, प्रत्येकीत दहा मिलिग्रॅम टीएचसी. म्हणजे एकूण टीएचसी ०.६ ग्रॅम. पण एक गमी असते चार ग्रॅमची, साखर आणि जिलेटिन धरून. साठांचं वजन २४० ग्रॅम. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग प्रकरणात ठरवलं, की मिश्रणातल्या निरुपद्रवी पदार्थाचं वजनही धरायचं, फक्त शुद्ध द्रव्याचं नाही. त्यामुळे त्यातला अर्क चरसाच्या तेलात मोडतो असं धरलं गेलं, तर शंभर ग्रॅमची अल्प प्रमाणाची मर्यादा त्या एका डब्याने ओलांडलेली असेल. साखरेच्या वजनामुळे. आणि 'मला माहीत नव्हतं' म्हणण्याला या कायद्यात फार जोर नाही. कलम ३५ प्रमाणे आरोपीच्या मनात हेतू होता असं न्यायालय धरून चालतं, तो नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते.

बी आणि वाख

या दोन भागांबद्दल फार वाद नाही, म्हणून थोडक्यात.

बियांत कॅनाबिनॉइड जवळजवळ नसतात. कुमाऊं-गढवालमध्ये भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि टीएचसीची मर्यादा घातली: बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम, बियांच्या तेलात १०. म्हणून दुकानात 'हेम्प सीड ऑइल' दिसलं तर ते खायचं तेल आहे, जवसाच्या तेलासारखं. ते सीबीडी तेल नाही. काही विक्रेते दोन्हींची नावं मुद्दाम सरमिसळ करतात आणि बियांचं तेल औषधाच्या भावाने विकतात. त्यात बेकायदेशीर काही नसलं तरी पैसे मात्र फुकट जातात.

वाखाची गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात कॅनाबिसचे तुकडे मिसळलेले आढळले, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांना हे झाड कशासाठी वापरायचं ते ठाऊक होतं. आजचा कायदाही वाख आणि बी यांच्यासाठी लागवडीची वाट ठेवतो: कलम १४ प्रमाणे सरकार औद्योगिक कारणासाठी परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तशी परवानगी द्यायला सुरुवात केली, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणांसाठी. म्हणजे ०.३ टक्के भारतात आहे, पण ती लागवडीच्या परवान्यातली अट आहे. पिकाला लागू आहे, बाटलीतल्या अर्काला नाही. हिमाचल प्रदेश विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीचा अहवाल स्वीकारला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. महाराष्ट्रात कुणी 'हेम्पची शेती करा, एकरी लाखो मिळवा' म्हणून बियाणं विकायला आलं, तर राज्याची लेखी परवानगी दाखवायला सांगा. परवान्याविना कॅनाबिसचं एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. शेताच्या कडेला तुरीच्या आड लावलेली झाडं उपटून नेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

महाराष्ट्रात एक कुंपण जास्त

पाने केंद्राच्या कायद्यातून सुटली, म्हणजे सगळीकडे सुटली असं नाही. मादक पदार्थांवर राज्यांचेही कायदे आहेत. आपला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे, आणि तो भांगेलाही मादक द्रव्य धरतो. परवान्याविना भांग बाळगणं, विकणं, करणं हा या राज्यात गुन्हा आहे आणि तो राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अखत्यारीत येतो. शिक्षा एनडीपीएसइतकी कडक नसली, तरी गुन्हा तो गुन्हाच. शेजारच्या गुजरातने २०१७ मध्ये आपल्या दारूबंदी कायद्यातून भांग वगळली. आपण वगळलेली नाही. तेव्हा वाराणसीच्या सरकारी दुकानातून घेतलेली भांगेची गोळी तिथे चालते, म्हणून ती पुण्यात किंवा नाशकात चालेल असं समजू नये.

पानांच्या अर्काचं तेल महाराष्ट्रात ज्या वाटेने येतं ती आयुर्वेदाची. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांत ई-१ नावाची एक अनुसूची आहे, आयुर्वेदातल्या विषारी समजल्या गेलेल्या द्रव्यांची. बचनाग, धोतरा, बिब्बा यांच्याबरोबर तिच्यात भांगही आहे. असं द्रव्य असलेलं औषध पोटात घेण्याचं असेल तर लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना हिंदी आणि इंग्रजीत छापावी लागते, आणि ते बनवायला आयुर्वेदिक औषध उत्पादनाचा परवाना लागतो. आयुर्वेदात या वनस्पतीचं नाव विजया, म्हणून बाटल्यांवर ते नाव दिसतं. नाव जुनं आहे, पण आजच्या यंत्रांनी काढलेला दाट अर्क आणि ग्रंथांतली शुद्ध करून, दुधात शिजवून घेतलेली विजया यांच्यात बराच फरक आहे. माझ्या ओळखीच्या एका वैद्यांना तो फरक सांगताना मी ऐकलं आहे, आणि त्या फार काळजीने सांगत होत्या.

'तिकडे कायदेशीर आहे' म्हणजे काय

अमेरिकेची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या शेती कायद्याने हेम्पला अंमली पदार्थांच्या यादीतून काढलं. व्याख्या केली ती टक्क्याची: सुक्या वजनात डेल्टा-९ टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसलेलं झाड, त्याचे सर्व भाग, अर्क, कॅनाबिनॉइड, सगळं हेम्प. पान, बोंड हा भेदच नाही. हेतू शेतकऱ्यांना वाख आणि बी पिकवू देण्याचा होता. पण व्याख्येत फक्त डेल्टा-९ चं नाव होतं. कारखानदारांनी हेम्पमधून सीबीडी काढलं, प्रयोगशाळेत आम्लाची प्रक्रिया करून त्याचं डेल्टा-८ टीएचसी बनवलं, आणि नशा येणारा पदार्थ हेम्प म्हणून विकायला लागले. २०२२ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटलं की कायद्याचे शब्द बघता हे हेम्पच ठरतं, पळवाट असेल तर ती बुजवणं संसदेचं काम. तीन-चार वर्षांत गमी, चॉकलेटं, सोडे यांचा मोठा बाजार उभा राहिला, अनेक ठिकाणी लहान मुलांच्या हाती लागेल इतका उघडा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने ती पळवाट बुजवली. आता फक्त डेल्टा-९ न धरता एकूण टीएचसी मोजायचं, प्रयोगशाळेत तयार केलेले कॅनाबिनॉइड वगळायचे, आणि एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको. अंमल एक वर्षाने, नोव्हेंबर २०२६ पासून. मावशींच्या डब्यातल्या एकाच गमीत त्याच्या पंचवीसपट टीएचसी आहे. म्हणजे 'तिकडे कायदेशीर' हे वाक्य तिकडेच फार काळ टिकणार नव्हतं.

थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. मधल्या काळात बँकॉकहून मुंबईला उतरणाऱ्या विमानांत 'हायड्रोपोनिक' (मातीविना वाढवलेला) गांजा सापडल्याच्या बातम्या नेहमीच्या झाल्या. पकडलेल्यांतल्या कित्येकांनी पाकीट दुसऱ्यासाठी आणलेलं असतं. भारतात आणणं हा कलम २३ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तिथे 'जिथे विकत घेतलं तिथे चालतं' हा बचाव होत नाही.

बाटली हातात घेतल्यावर

मावशींना मी त्या दिवशी सांगितलं, की डबा वापरू नका, कुणाला देऊ नका, आणि मुलाला पुढच्या वेळी असं काही आणू नकोस म्हणून सांगा. त्या जरा खट्टू झाल्या, कारण त्यांचा गुडघा खरंच दुखतो. मग आम्ही दोघांनी बसून, इथल्या एका आयुर्वेदिक कंपनीच्या तेलाची बाटली त्यांनी पाहून ठेवली होती, तिचं लेबल वाचलं. अर्क पानांचा आहे का, आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक आहे का, देखरेखीची सूचना आहे का, टीएचसी आणि सीबीडी किती ते मिलिग्रॅममध्ये लिहिलंय का, विकणारा वैद्याची चिठ्ठी मागतो का. चिठ्ठी न मागता व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. तो तुम्हाला जे देतो ते कशाचं आहे, याला पुरावा नसतो.

चिठ्ठी मिळाली तर तिची प्रत बाटलीसोबत ठेवावी, बिलासकट. आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना न चुकता सांगावं. सीबीडी यकृतातली काही विकरं (एन्झाइम) अडवतं, त्यामुळे दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या आणि अपस्मारावरच्या क्लोबाझमच्या बाबतीत हे चांगलं नोंदलं गेलं आहे. मावशी रक्त पातळ करायची गोळी घेतात. त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, हे तेल राहू दे, गुडघ्यासाठी फिजिओथेरपी सुरू करा. आता आठवड्यातून तीनदा त्या जातात.